वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी : काचपट्टी बनवण्यापासून नामनिर्देशित आकृतीपर्यंत

पेशीची आकृती पाठ असूनही पेशी पाहता येत नाही, असे प्रयोगवह्या तपासताना वारंवार आढळते. कांद्याच्या पेशीत हिरवी हरितलवके (अन्न तयार करणारी अंगके) काढलेली असतात, गालाच्या पेशीत तंतुकणिकांना (ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म अंगकांना) नीट रेघ ओढून नाव दिलेले असते आणि त्या वेळी काचपट्टीवर प्रत्यक्षात जे दिसत होते ते काळ्या कडांचे हवेचे बुडबुडे असतात. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : काचपट्टी घाईने बनवली जाते, निरीक्षण अर्धवट राहते आणि उरलेली पेशी पुस्तकातून भरली जाते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. शेवटी पेशीच्या प्रत्येक भागाविषयी तीनपैकी एक विधान करता आले पाहिजे : हा भाग मी पाहिला, हा भाग मी चाचणीतून ओळखला, किंवा हा भाग या सूक्ष्मदर्शकातून दिसू शकत नाही. चौथे विधान, म्हणजे "असतो म्हणून काढला", वहीत येता कामा नये.

पूर्वतयारी : साहित्य आणि द्रावणे

कांद्याचा पापुद्रा हवेत उघडा राहिला तर थोड्याच वेळात सुकून वळू लागतो. त्यामुळे पापुद्रा हातात आल्यावर पाण्याची शोधाशोध सुरू झाली, की तयारी अपुरी होती असे समजावे. टेबलावर आधीच पुढील गोष्टी मांडून ठेवाव्यात : स्वच्छ काचपट्ट्या, आच्छादक काच (प्रयोगशाळेत हिला सगळे कव्हरस्लिप म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे), टोकदार चिमटा, सुई, ड्रॉपर, ब्लेड, पाणी भरलेली पेट्री डिश, टिपकागद, निर्जंतुक कापूसकाडी आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी.

द्रावणे पाच लागतात. वनस्पती पेशीसाठी आयोडीनचे सौम्य द्रावण किंवा सॅफ्रानिन. प्राणी पेशीसाठी मिथिलीन ब्लूचे सौम्य द्रावण. गालाच्या पेशी ठेवण्यासाठी ०.९ टक्के मिठाचे द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. रससंकोच (पाणी बाहेर गेल्याने पेशीतील द्रव्य भिंतीपासून सुटून आकसणे) पाहण्यासाठी ५ टक्के मिठाचे द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ. आणि साधे पाणी. मिठाची दोन्ही द्रावणे दिसायला सारखीच असतात. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत तर गालाच्या पेशी ५ टक्क्यांच्या द्रावणात जातात, आकसतात आणि मग "प्राणी पेशी सुरकुतलेली असते" असे निरीक्षण वहीत उतरते.

काचपट्टी आणि कव्हरस्लिप कडेने धरून मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर पाण्याचा थेंब नीट पसरत नाही आणि तेथेच बुडबुडे अडकतात.

सावधान : अभिरंजके (पेशीचे भाग रंगवणारी द्रावणे) कपड्यांना आणि त्वचेला डाग पाडतात. कव्हरस्लिप सहज फुटते आणि तिचे तुकडे डोळ्याला चटकन दिसत नाहीत, त्यामुळे फुटलेली काच हाताने गोळा करू नये.

टप्पा १ : काचपट्टी बनवण्याआधी सूक्ष्मदर्शक जुळवणे

हा टप्पा बहुतेक जण नंतर करतात. परंतु ओली काचपट्टी फार वेळ ताजी राहत नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशी झटापट करण्याचा वेळ आधीच खर्च केलेला बरा.

सर्वांत कमी शक्तीचे वस्तुभिंग (काचपट्टीच्या जवळचे भिंग) मंचाच्या, म्हणजे काचपट्टी ठेवण्याच्या जागेच्या, वर आणावे, डायाफ्राम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडावा आणि प्रकाश सर्वत्र सारखा येतो का ते पाहावे. छापील अक्षराचा लहानसा कागद काचपट्टीवर ठेवून केंद्रीकरणाचा, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करण्याचा, सराव करावा. बाजूने पाहत वस्तुभिंग आणि काचपट्टी जवळ आणावीत, आणि नेत्रभिंगातून पाहताना मात्र स्थूल समायोजक स्क्रू नेहमी त्यांना एकमेकांपासून दूर नेणाऱ्या दिशेनेच फिरवावा. उलट केले तर भिंग काचेवर आदळते. अक्षर उलटे दिसते आणि काचपट्टी डावीकडे सरकवली की प्रतिमा उजवीकडे जाते. ही सवय येथेच अंगवळणी पडली म्हणजे पुढे पेशी हातची निसटत नाही.

एकूण विशालन म्हणजे नेत्रभिंगाची आणि वस्तुभिंगाची शक्ती यांचा गुणाकार. नेत्रभिंग १० पट आणि वस्तुभिंग ४० पट असेल तर विशालन ४०० पट होते. बेरीज करून ५० लिहिलेल्या वह्याही सापडतात.

आता एक मोजमाप करून ठेवावे, कारण पुढे पेशीचा आकार याच्यावरूनच काढायचा आहे. ४ पटीच्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर आहे ते मोजावे. समजा तो ४.५ मिलिमीटर आला. वस्तुभिंगाची शक्ती जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने हा व्यास घटतो. म्हणून १० पटीच्या भिंगाखाली तो १.८ मिलिमीटर, म्हणजे १८०० मायक्रोमीटर, आणि ४० पटीच्या भिंगाखाली ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रोमीटर असेल. हे तीन आकडे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. उपकरण बदलले की ते पुन्हा मोजावे लागतात.

तपासणी : दृष्टिक्षेत्रात काळा ठिपका दिसत असेल तर नेत्रभिंग हलकेच फिरवावे. ठिपका सोबत फिरला तर धूळ नेत्रभिंगावर आहे. काचपट्टी हलवल्यावर हलला तर काचपट्टीवर आहे. दोन्ही वेळा स्थिर राहिला तर वस्तुभिंगावर किंवा खालच्या प्रकाशमार्गात आहे. ही तपासणी न केल्यामुळे धुळीच्या कणाला केंद्रक म्हटले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

टप्पा २ : कांद्याचा पापुद्रा काढणे

कांद्याची मांसल पाकळी घेऊन तिची आतली, म्हणजे खोलगट बाजू वर करावी. पाकळी मधोमध बाहेरच्या बाजूकडे वाकवून मोडली की मोडलेल्या कडेवर आतल्या बाजूचे पारदर्शक पटल सुटते. ते चिमट्याने पकडून हळू ओढावे. पापुद्रा सहज, ओल्या पातळ कागदासारखा निघाला तर तो पेशींच्या एकाच थराचा आहे. ओढताना जोर लावावा लागला आणि त्याला पांढरट गर चिकटून आला, तर तो तुकडा टाकून द्यावा. जाड तुकड्यात पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि कोणत्या पेशीची भिंत कोणती, हे सांगणे अशक्य होते.

पापुद्रा निघताक्षणी पेट्री डिशमधील पाण्यात सोडावा आणि पाण्यातच त्याचे साधारण ५ मिलिमीटर बाजूचे चौकोनी तुकडे कापावेत. मोठा तुकडा म्हणजे जास्त पेशी, हा हिशेब येथे चुकतो. मोठ्या तुकड्याला घडी पडते आणि घडीपाशी दोन थर होतात. निदान चार तुकडे करून ठेवावेत, कारण त्यांतील काही अभिरंजित करायचे आहेत आणि निदान एक जिवंत ठेवायचा आहे. का, ते टप्पा ५ मध्ये कळेल.

टप्पा ३ : अभिरंजन आणि कव्हरस्लिप

काचपट्टीच्या मध्यभागी पाण्याचा एक थेंब ठेवून त्यात पापुद्रा सुईने सपाट पसरावा. त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकून दोन-तीन मिनिटे थांबावे. सॅफ्रानिन वापरत असल्यास तुकडा वॉच ग्लासमध्ये (उथळ काचेच्या वाटीत) एखाद-दोन मिनिटे बुडवून, नंतर पाण्यात धुऊन मगच काचपट्टीवर घ्यावा. धुतला नाही तर सगळे क्षेत्र लाल दिसते आणि केंद्रक त्यात हरवते. अभिरंजक जितके जास्त तितके चित्र स्पष्ट, हा समज सोडून द्यावा.

कव्हरस्लिपची एक कड थेंबाच्या कडेला टेकवावी, दुसरी कड सुईवर तोलावी आणि साधारण ४५ अंशांच्या तिरकस स्थितीतून ती हळूहळू खाली येऊ द्यावी. सपाट टाकली की हवा अडकतेच. बाहेर आलेले द्रव टिपकागदाच्या कडेने शोषून घ्यावे. वरून दाबू नये.

आयोडीनने कांद्याच्या पेशीत निळा-काळा रंग येईल अशी अपेक्षा अनेकांची असते, कारण स्टार्चची परीक्षा त्यांच्या डोक्यात असते. कांद्याच्या पाकळीत साठवण शर्करांच्या रूपात असते, स्टार्चच्या रूपात नाही. त्यामुळे येथे केंद्रक पिवळसर तपकिरी दिसले म्हणजे अभिरंजन व्यवस्थित झाले. निळा रंग आला नाही म्हणून आयोडीन पुन्हा पुन्हा ओतू नये.

ग्लिसरीनविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. काचपट्टी सुकू नये म्हणून ते वापरण्याची पद्धत आहे आणि अभिरंजित, मृत पेशींसाठी तिला हरकत नाही. जिवंत पेशींवर मात्र ग्लिसरीन टाकू नये; दाट ग्लिसरीन पेशीतील पाणी बाहेर खेचते आणि पेशीतील द्रव्य भिंतीपासून सुटलेले दिसते. मग निरीक्षक पेशीचे मूळ रूप न पाहता तिच्यावर झालेला परिणाम पाहत असतो.

तपासणी : कमी शक्तीखाली गोल, चकचकीत, जाड काळ्या कडेचे आकार दिसले तर ते हवेचे बुडबुडे आहेत. कव्हरस्लिपवर सुईने हलकेच टेकवल्यास ते सरकतात किंवा आकार बदलतात. पेशी तसे करत नाही. बुडबुडे जास्त असतील तर दुरुस्तीत वेळ न घालवता नवा तुकडा घ्यावा.

टप्पा ४ : वनस्पती पेशीचे निरीक्षण

सुरुवात कमी शक्तीने करावी. विटांच्या बांधकामासारख्या, लांबट आणि एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशी दिसतात. घडी नसलेला, बुडबुडे नसलेला, अभिरंजन सारखे झालेला भाग निवडून तो बरोबर मध्यभागी आणावा आणि मगच शक्ती वाढवावी. शक्ती वाढली की दृष्टिक्षेत्र लहान होते, त्यामुळे कडेला असलेली पेशी थेट क्षेत्राबाहेर जाते. ४० पटीच्या भिंगावर गेल्यावर स्थूल समायोजकाला हात लावू नये. फक्त सूक्ष्म समायोजक वापरावा, कारण त्या वेळी भिंग आणि कव्हरस्लिप यांच्यातील अंतर सहसा १ मिलिमीटरपेक्षाही कमी असते. प्रकाश जास्त वाटल्यास डायाफ्राम थोडा मिटावा. कडा उठून दिसण्यासाठी थोडा अंधार उपयोगीच पडतो.

आता सूक्ष्म समायोजक अगदी थोडा पुढे-मागे फिरवत राहावे. पेशी ही कागदावरच्या चौकोनासारखी सपाट नसून पेटीसारखी आहे, हे या एका कृतीतून जितके कळते तितके दहा आकृत्यांतून कळत नाही. काही पेशींत केंद्रक भिंतीलगत दिसते, तर काहींत अगदी मध्यभागी. हे पाहून बरेच जण गोंधळतात आणि दोन प्रकारच्या पेशी आहेत असे लिहितात. खरे कारण असे, की प्रौढ वनस्पती पेशीचा बहुतेक भाग मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो आणि पेशीद्रव्य व केंद्रक तिच्याभोवतीच्या पातळ थरात, भिंतीकडे सारलेले असते. हा थर पेशीच्या चारही बाजूंना असतो, तसा वर आणि खालीही असतो. केंद्रक बाजूच्या भिंतीलगत असेल तर आपल्याला ते कडेला दिसते. वरच्या किंवा खालच्या भिंतीलगत असेल तर आपण त्याच्याकडे वरून पाहत असल्यामुळे ते मध्यभागी असल्याचा भास होतो. समायोजक फिरवून पाहिल्यास अशा "मधल्या" केंद्रकाची पातळी भिंतीच्या मधल्या पातळीपेक्षा वेगळी निघते.

या काचपट्टीवर स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत : पेशीभित्तिका, केंद्रक, कडेने कणीदार पेशीद्रव्य, आणि केंद्रकात क्वचित एक-दोन ठळक ठिपके, म्हणजे केंद्रकी. रिक्तिका "दिसते" असे म्हणताना जपून बोलावे. दिसतो तो रिकामा भासणारा मधला भाग. तिला स्वतंत्र पटल आहे, हे येथे दिसत नाही. बाहेरची ठळक रेषा पेशीभित्तिकेची आहे, प्रद्रव्यपटलाची (पेशीद्रव्याभोवतीच्या पातळ पडद्याची) नाही. पटल भिंतीला आतून इतके घट्ट चिकटलेले असते आणि स्वतः इतके पातळ असते, की ते वेगळे ओळखू येत नाही. हरितलवके येथे शोधू नयेत. कांद्याची मांसल पाकळी म्हणजे जमिनीखाली वाढलेले, अन्न साठवणारे पान असून तिच्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही.

टप्पा ५ : रससंकोचातून पटल ओळखणे

न दिसणारे प्रद्रव्यपटल आहे हे सिद्ध करण्याचा सर्वांत सोपा मार्ग रससंकोच हा आहे, आणि हाच टप्पा सर्वाधिक वेळा फसतो. फसण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते : आयोडीन लावलेला पापुद्रा वापरलेला असतो. आयोडीनने पेशी मरतात, मेलेल्या पेशीचे पटल निवडक्षम (काही पदार्थ जाऊ देणारे, काही अडवणारे) राहत नाही आणि मग कितीही मीठ ओतले तरी अपेक्षित बदल होत नाही. येथे अभिरंजन न केलेला, पाण्यात ठेवलेला ताजा तुकडाच घ्यावा. लाल कांदा मिळाल्यास त्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा रंगीत पापुद्रा उत्तम. तेथे रिक्तिकेतील रस मुळातच जांभळट असल्याने वेगळ्या अभिरंजकाची गरज पडत नाही.

१. तुकडा पाण्याच्या थेंबात बसवून कव्हरस्लिप ठेवावी आणि रंगाने भरलेली, भिंतीपर्यंत ताठ असलेली एक पेशी निवडून तिचे चित्र आधी काढून ठेवावे. नंतर तुलना करायला मूळ स्थितीची नोंद नसणे, ही येथील दुसरी नेहमीची चूक.

२. कव्हरस्लिपच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा थेंब ठेवावा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावावा. कागद पाणी शोषेल तसे द्रावण खालून पुढे सरकेल. काचपट्टी मंचावरून काढू नये, नाहीतर तीच पेशी पुन्हा सापडणार नाही.

३. काही मिनिटे थांबून पाहावे. आधी कोपऱ्यांत आणि मग सर्व बाजूंनी आतला रंगीत भाग भिंतीपासून सुटून आकसू लागतो. भिंतीचा बाह्य आकार मात्र फारसा बदलत नाही. आकसलेल्या भागाची बाहेरची गुळगुळीत कड म्हणजे प्रद्रव्यपटलाची सीमा.

४. आता त्याच पद्धतीने साधे पाणी आत ओढून घ्यावे. फार वेळ गेला नसेल तर बऱ्याच पेशी पुन्हा भरतात. ज्या भरल्या त्या जिवंत होत्या, असे म्हणायला हरकत नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पाणी बाहेर गेले पण रंग बाहेर आला नाही, म्हणून पेशीची सीमा निवडक आहे. दुसरीकडे, भिंत आणि आकसलेला भाग यांच्यामधील जागेत काय असते, असे विचारले तर "हवा" किंवा "पोकळी" हे उत्तर हमखास येते. तेथे बाहेरचे मिठाचे द्रावण असते. पेशीभित्तिका पाणी आणि त्यात विरघळलेले लहान कण दोन्ही आत जाऊ देते. निवड करणारे आहे ते तिच्या आतले पटल. भित्तिकेचे काम आधार देण्याचे आणि आतून येणारा पाण्याचा दाब सोसण्याचे आहे, आणि पेशीत पाणी शिरत असूनही ती फुटत नाही, त्याचे श्रेय भित्तिकेकडेच जाते.

टप्पा ६ : हरितलवकांसाठी वेगळी काचपट्टी

हा टप्पा छोटा आहे, पण वगळू नये. हायड्रिला किंवा एलोडिया या पाणवनस्पतीच्या शेंड्याजवळील कोवळे पान अख्खेच पाण्याच्या थेंबात ठेवावे. पान इतके पातळ असते की कापावे लागत नाही. अभिरंजक लावू नये, कारण हरितलवकांना स्वतःचा रंग आहे. प्रत्येक हरितलवक सुमारे ५ मायक्रोमीटरचे, हिरव्या टिकलीसारखे दिसते. काही मिनिटे प्रकाशात ठेवल्यावर ती भिंतीलगत एका दिशेने सरकताना दिसू शकतात. हरितलवके स्वतः पोहत नसतात. पेशीद्रव्य फिरते आणि त्यांना सोबत नेते. मधोमध ती जात नाहीत, कारण मध्यभाग रिक्तिकेने अडवलेला आहे. कांद्यात ज्या रिक्तिकेविषयी जपून बोलावे लागले, तिचा पुरावा येथे असा मिळतो.

टप्पा ७ : गालाच्या आतील पेशी

नमुना स्वतःच्याच गालाचा घ्यावा आणि प्रत्येकाने नवी निर्जंतुक कापूसकाडी वापरावी. तोंडात जखम किंवा फोड असल्यास हा टप्पा दुसऱ्याला करू द्यावा. आधी पाण्याने चूळ भरावी, म्हणजे अन्नकण काचपट्टीवर येणार नाहीत. कापूसकाडी गालाच्या आतील बाजूवर हलकेच फिरवावी. रक्त येईल इतके खरवडण्याची मुळीच गरज नाही. वरच्या थरातील पेशी सतत आपोआप सुटतच असतात.

काचपट्टीवर ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाचा थेंब ठेवून त्यात कापूसकाडी गोल फिरवावी. साधे पाणी का नको? प्राणी पेशीला भित्तिका नसते. शुद्ध पाण्यात पाणी आत शिरून पेशी फुगते आणि फुटूही शकते. रक्तातील तांबड्या पेशी तर अशा पाण्यात फुटतातच. गालाच्या चपट्या पेशी त्यामानाने चिवट असल्या तरी त्यांचा मूळ आकार पाहायचा असेल तर मिठाचे द्रावणच वापरावे.

त्यावर मिथिलीन ब्लूचा लहान थेंब टाकून एक-दोन मिनिटे थांबावे आणि टप्पा ३ प्रमाणे कव्हरस्लिप ठेवावी. हे अभिरंजक धनप्रभारित असते आणि केंद्रकातील ऋणप्रभारित डीएनएला घट्ट धरते, म्हणून केंद्रक गडद निळे आणि पेशीद्रव्य फिकट निळे दिसते. सगळेच गडद झाले तर कडेने मिठाचे द्रावण सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्यावे.

कमी शक्तीखाली या पेशी पटकन सापडत नाहीत. डायाफ्राम बराच मिटून, क्षेत्र ओळीने, शेत नांगरल्यासारखे पुढे-मागे तपासावे. अनियमित कडांच्या, पातळ, कधी एकमेकींवर चढलेल्या, कधी कडेला दुमडलेल्या पेशी दिसतात. दुमडीची रेषा ही पेशीभित्तिका नव्हे. अनेक पेशींच्या पृष्ठभागावर बारीक निळे ठिपके दिसतात; ते तोंडातील जीवाणू असतात, तंतुकणिका किंवा रायबोझोम (प्रथिने बनवणारे कण) नव्हेत. कापसाचा तंतूही लांब, समांतर कडांचा आणि ठळक दिसतो; त्यात केंद्रक शोधत बसू नये.

सावधान : या एका नमुन्यावरून "प्राणी पेशी चपटी व अनियमित असते" असा सर्वसाधारण नियम लिहू नये. गालाचे आतील आवरण सतत घासले जाते, म्हणून तेथे फरशांसारख्या चपट्या पेशींचे थर असतात. चेतापेशी लांब फाट्यांची असते, स्नायूपेशी लांबट असते आणि मानवाच्या प्रौढ तांबड्या रक्तपेशीत तर केंद्रकच नसते. रचना कामानुसार ठरते, हे वाक्य लिहायचे असेल तर ते अशा उदाहरणासहितच लिहावे.

वापरलेली कापूसकाडी, काचपट्टी आणि कव्हरस्लिप जंतुनाशक द्रावणात टाकावी आणि हात साबणाने धुवावेत.

टप्पा ८ : मापन

टप्पा १ मधील आकडे आता उपयोगी पडतात. १० पटीच्या वस्तुभिंगाखाली व्यासाच्या रेषेवर कांद्याच्या किती पेशी लांबीच्या दिशेने बसतात ते मोजावे. समजा ६ बसल्या, तर १८०० भागिले ६, म्हणजे एका पेशीची लांबी सरासरी ३०० मायक्रोमीटर. गालाच्या पेशीसाठी ४० पटीचे भिंग घ्यावे. ४५० मायक्रोमीटरच्या व्यासात साधारण सात पेशी मावतील असा अंदाज आला, तर एक पेशी सुमारे ६४ मायक्रोमीटरची. एकाच ठिकाणचे मोजमाप पुरेसे नसते, म्हणून तीन वेगवेगळी क्षेत्रे मोजून सरासरी काढावी.

टप्पा ९ : आकृती आणि नामनिर्देशन

आकृती टोकदार पेन्सिलीने, एकसंध रेषेत काढावी. रेषेवर रेषा गिरवून केसाळ कड करू नये आणि छायांकन टाळावे. वीस पेशींचे जाळे काढण्यापेक्षा दोन किंवा तीन शेजारच्या पेशी, अर्धे पान भरेल इतक्या मोठ्या काढाव्यात. पेशीभित्तिकेला जाडी आहे, म्हणून ती दुहेरी रेषेने दाखवावी. गालाच्या पेशीची सीमा एकेरी रेषेने. नावाच्या रेषा पट्टीने ओढाव्यात, त्या एकमेकींना छेदू नयेत आणि रेषेचे टोक त्या भागाला प्रत्यक्ष टेकलेले असावे. "केंद्रक" लिहिलेली रेषा केंद्रकाच्या अलीकडे रिक्तिकेत थांबली, तर ती आकृती केंद्रक रिक्तिकेत आहे असे सांगते.

विशालन लिहिताना सर्रास होणारी चूक अशी, की सूक्ष्मदर्शकाचे ४०० पट हेच आकृतीखालीही लिहिले जाते. आकृतीचे विशालन वेगळे असते : आकृतीतील लांबी भागिले प्रत्यक्ष लांबी. कांद्याची पेशी कागदावर ९० मिलिमीटर काढली आणि ती प्रत्यक्षात ०.३ मिलिमीटर असेल, तर आकृती ३०० पट आहे. भागाकाराआधी दोन्ही लांबी एकाच एककात आणावी लागते, आणि गुणांची गळती तेथेच होते.

टप्पा १० : न दिसलेल्या भागांविषयी लिहिणे

प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर आहे. याहून जवळ असलेले दोन बिंदू तो वेगळे दाखवू शकत नाही, मग विशालन कितीही वाढवा. प्रद्रव्यपटलाची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर आहे आणि रायबोझोम २० ते ३० नॅनोमीटरचे. त्यामुळे ही दोन्ही, तसेच आंतर्द्रव्यजालिकेची (पेशीतील पटलांच्या जाळ्याची) रचना, या काचपट्ट्यांवर दिसणे शक्यच नाही. तंतुकणिकेची रुंदी साधारण ०.५ ते १ मायक्रोमीटर असल्याने ती मर्यादेत बसते, पण रंगहीन असल्यामुळे जॅनस ग्रीनसारख्या खास अभिरंजकाशिवाय ती ओळखू येत नाही. या अंगकांची कार्ये लिहावीत, त्यांची स्वतंत्र योजनात्मक आकृतीही काढावी. मात्र तिच्यावर "योजनात्मक" असे स्पष्ट लिहावे आणि निरीक्षणाच्या आकृतीत ती मिसळू नये.

फरकाचा तक्ता लिहिताना पुढील ठिकाणी थांबून तपासावे. तंतुकणिका दोन्ही पेशींत असतात. वनस्पतीत हरितलवके असतात म्हणून तंतुकणिकांची गरज नाही, असे लिहिणे चूक आहे, कारण हरितलवक अन्न तयार करते आणि त्या अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे काम मुख्यतः तंतुकणिका करते. वनस्पतीला भित्तिका आणि प्राण्याला पटल, अशी वाटणीही चुकीची आहे. पटल दोघांनाही असते, भित्तिका त्याच्या बाहेर जादा असते. पेशीभित्तिका केवळ वनस्पतींतच असते, हे विधान कवके आणि जीवाणू यांच्यामुळे टिकत नाही. "वनस्पती पेशीची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते" असे लिहावे. प्राणी पेशीत रिक्तिका नसतात असे न लिहिता त्या असल्यास लहान व बहुधा तात्पुरत्या असतात, असे लिहावे. तारककेंद्रे (पेशीविभाजनात भाग घेणारी अंगके) प्राणी पेशीत असतात आणि सपुष्प वनस्पतींच्या पेशींत नसतात. येथे नुसते "वनस्पतींत नसतात" म्हटले तर शेवाळे व नेचे यांच्यापैकी काहींच्या बाबतीत ते खोटे ठरते.

तक्त्याला आणखी एक रकाना जोडावा आणि त्यात प्रत्येक भागापुढे "पाहिले", "चाचणीतून ओळखले" किंवा "दिसू शकत नाही" यांपैकी एक शब्द लिहावा. कांद्याच्या प्रद्रव्यपटलापुढे "पाहिले" आणि रायबोझोमपुढे रिकामी जागा असेल, तर टप्पा ५ आणि या टप्प्याचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचून, जिवंत राखून ठेवलेला पापुद्र्याचा उरलेला तुकडा सुकण्याआधी काचपट्टीवर घ्यावा.